गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर...

मला कोणी फसवू शकत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. अठरा वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईला फसवणं सोपं नसतं! चहात बुडवून वाळवलेलं पुस्तक "मॅडम, मला असंच मिळालं होतं" म्हणत परत करणारी मुलं मी चेहऱ्यावरून ओळखते. पान फाडणारा तर नुसत्या चालीवरून ओळखते. तिथे एका मिस्त्रीची काय कथा! म्हणून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ट्रक दुरुस्तीला टाकायची वेळ आली तेव्हा मी घरात जाहीर केलं, "हे काम मी बघते. एक स्क्रूसुद्धा माझ्या नजरेआड फिरणार नाही."

आणि खरंच फिरला नाही. जे काही वाटोळं झालं, ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं!

आमच्या ट्रकला लोक टेम्पो म्हणतात. आबांसमोर म्हटलेलं मात्र चालायचं नाही. "ट्रक हाय तो. लहान हाय, पण ट्रक हाय," ते बजावायचे. शिवण्यात आमची नर्सरी आहे आणि तिथली झाडं खराडीच्या एका कंपनीत भाड्याने जातात. एसीत बसून झाडंसुद्धा दमतात हो! म्हणून दर दुसऱ्या शनिवारी ताजी झाडं तिकडे पोचवायची आणि मरगळलेली परत आणायची. त्या कंपनीत वेळच्या वेळी रजा फक्त झाडांनाच मिळते, असं आबा म्हणायचे.

आबांना जाऊन आठ महिने झाले. स्टिअरिंगला त्यांनी गुंडाळलेला लाल फडका अजून तसाच आहे. ट्रक चालवतात आमचे जुने ड्रायव्हर, कचरूमामा. त्यांनी तो फडका बदलला नाही आणि मीही कधी सुचवलं नाही.

आता अडचण काय झाली, तर तिसरा गिअर टिकेना. टाकला की पुढच्या चौकापर्यंत आपोआप बाहेर! उत्साही कारकून जसा साडेपाचच्या आधीच दारात उभा असतो, तसा. त्यापायी आम्ही खराडीला दोनदा उशिरा पोचलो. मग तिथल्या सलोनी मॅडमचा फोन आला. वय जेमतेम पंचवीस, पण आवाजात मुख्याध्यापिका.

"ताई, नेक्स्ट सॅटर्डेला फॉरेन क्लायंट्स येतायत. शार्प दहाला. लॉबीत प्लांट्स नसतील तर आय ॲम सो सॉरी, पण व्हेंडर चेंज करावा लागेल."

हे आईने, म्हणजे मथुराबाईंनी, शेजारी बसून ऐकलं. आई निवाडा द्यायला कधी वेळ लावत नाही.

"हे बघ कुसुम, शनवारी दहाच्या आत ट्रक तिथं पोचला तर ठेवायचा. न्हाय पोचला, तर मांजरी गावचं गिऱ्हाईक रविवारी यायचंय. देऊन टाकायचा. उभ्या ट्रकाकडं बघत बसायची माझी ताकद न्हाय आता."

मी "बरं" म्हटलं. आणि कॅलेंडरवरच्या त्या शनिवारभोवती लाल गोल केला.

कचरूमामांच्या भाचीचा साखरपुडा नेमका त्याच आठवड्यात, शिरूरला. ते म्हणाले, "मी थांबू का ताई?" मी म्हटलं, "जा तुम्ही निवांत. मी आहे ना!"

या तीन शब्दांनी जगात किती नुकसान केलं असेल, याची कोणी यादी करायला हवी.

वारज्याच्या गॅरेजमध्ये श्याम मिस्त्रींनी मंगळवारी गिअरबॉक्स खाली उतरवला. हे आबांचे जुने मिस्त्री. मोजकं बोलतात, तेही पान्याकडे बघत. गिअरबॉक्स जमिनीवर, ट्रकच्या पोटात मोठं भगदाड, आणि मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ताई, गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर..."

बस्स! माझे कान टवकारले. 'उतरवलाच आहे तर' या चालीच्या वाक्यांवर अख्खी गॅरेजं उभी आहेत. भिंत फोडलीच आहे तर नळ बदला, नळ बदललाच आहे तर फरशी काढा, असं करत करत लोक शेवटी घर विकतात!

"तर काय?" मी विचारलं.

"तर आतलं बाकीचं एकदा बघून घ्या. क्लच प्लेट, बेअरिंग. तुमच्या डोळ्यांनी. मागनं तक्रार नको."

"विचार करून उद्या सांगते," असं म्हणून मी घरी आले आणि खरोखरच विचार केला. प्रश्न काही लहान नव्हता. जे बिघडलंय तेवढंच दुरुस्त करायचं, की गाडी उघडलीच आहे तर म्हातारे झालेले बाकीचे भागही बदलून टाकायचे?

आई म्हणाली, "दुखत न्हाय तो दात कुणी काढून घेतं का?"

शिरूरहून कचरूमामा फोनवर ओरडले, कारण मागे बँड वाजत होता, "चालू हाय त्याला हात लावू नगा ताई! सगळं बरं हाय!"

दोघांचंही म्हणणं मी शांतपणे ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात फेटाळलं. आमच्या ग्रंथालयात पुस्तकाचं नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर सुटलं तरी आम्ही बांधणीला देताना सगळी शिवण नवी करून घेतो. तीच शिवण सहा महिन्यांनी उसवली तर पुन्हा कव्हर फाडावं लागतं. मग इथेही तेच! शनिवारी कुठल्याही भागाने दगा द्यायला नको, तर सगळेच भाग नवे हवेत. शिवाय दोन दिवसांत मी इंटरनेटवरचे ट्रक दुरुस्तीचे अकरा व्हिडिओ पाहिले होते. त्यातले चार तमिळमध्ये होते, पण भावार्थ समजला.

नवे भाग आणायचे कुठून, असा विचार करतच मी आबांच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आबा गेल्यावर कचरूमामांनी ट्रकच्या केबिनमधलं त्यांचं सामान तिच्यात आणून ठेवलं होतं. मी ती उघडली नव्हती. त्या दिवशी कामाचं निमित्त होतं, म्हणून उघडता आली.

चष्म्याचं घर. टॉर्च. वाळलेल्या लिंबांची माळ. आणि सुतळीने बांधलेली चार खोकी, कंपनीची, छापील! क्लच प्लेट. रिलीज बेअरिंग. फॅनबेल्ट. रेडिएटरचे होजपाइप. प्रत्येकावर आबांच्या अक्षरात एकच तारीख, गेल्या वर्षीच्या सप्टेंबरमधली. चारचा आकडा पतंगासारखा.

मी एक खोकं उघडलं. आत तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेली चकचकीत वस्तू. अशी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे ती नवी आहे हे मी लगेच ओळखलं!

"आई!" मी ओरडले. "आबांनी सगळं आधीच आणून ठेवलंय! त्यांनाही हेच करायचं होतं!"

आई स्वयंपाकघरातून आली, खोक्यांवरच्या अक्षरावरून नुसता हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावत परत गेली. मी तो होकार धरला.

बुधवारी मी रजा टाकून गॅरेजमध्ये ठाण मांडलं. नवा माल दाखवायचा आणि गाडीत जुनाच बसवायचा, ही लबाडी मला अकरापैकी सात व्हिडिओंनी शिकवली होती. म्हणून मी घरूनच बंदोबस्त करून गेले होते. प्रत्येक भागाला दोऱ्याने एक चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, खाली सही आणि वर ग्रंथालयाचा शिक्का! क्लच प्लेटच्या चिठ्ठीवर 'संदर्भ विभाग. बाहेर नेण्यास मनाई' असं उमटलं, कारण घाईत दुसरा शिक्का हाती लागला नाही.

मिस्त्रींनी क्लच प्लेट खोक्यातून काढली. चिठ्ठी वाचली. प्लेट उजेडात धरून फिरवली.

"ताई, हे तर..."

"तेच बसवायचं."

"न्हाय, पण आबांनी मागल्या सप्टेंबरात..."

"माहीत आहे. तारीख घातली आहे त्यांनी."

"ताई, माझं एकदा ऐकता का?"

"मिस्त्री," मी ग्रंथालयातल्या आवाजात म्हटलं. या आवाजाला एम.ए.ची मुलंही मोबाइल खिशात घालतात. "खोक्यात जे आहे ते आणि तेच बसेल. माझ्यासमोर बसेल. यावर चर्चा नको."

मिस्त्रींनी मान खाली घातली. पाना उचलला. पुन्हा ठेवला. त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं, हे दिसत होतं. लबाडी अंगलट आली की माणसाचं असंच होतं, अशी मी मनात नोंद केली.

मग मी जरा हलक्या आवाजात म्हटलं, "आणि खोकी फेकू नका. मला परत हवीत. त्यांच्यावर आबांचं अक्षर आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, पान्याकडे न बघता. मग मान हलवली आणि ट्रकखाली शिरले. त्यानंतर दिवसभरात त्यांनी एकही शब्द काढला नाही. मी खूश! नुसत्या नजरेने माणूस सरळ केला!

संध्याकाळी गाडी तयार झाली. ट्रकखालूनच त्यांनी विचारलं, "निघालेल्या सामानाचं काय करायचं?"

"आबा काय करायचे?"

"ते..."

"जे करायचे तेच करा," मी उदारपणे म्हटलं. थोड्या वेळाने खोकी सुतळीने बांधून केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारच्या माझ्या सीटखाली नीट ठेवलेली दिसली. आबा सामान ठेवायचे तिथेच. मिस्त्री पुण्याचे असूनही किती हळवे, असं वाटून मला भरून आलं.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. मागे बेचाळीस झाडं, पुढे आदल्या रात्री परतलेले कचरूमामा आणि शेजारी मी. तिसरा गिअर असा बसला होता की जणू गादीवर लोड! मी आईला फोन करून म्हटलं, "ट्रक नवा झालाय!"

फोन ठेवला आणि गाडीने किंकाळी फोडली.

"काय झालं?"

"क्लच दाबला," कचरूमामा कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "असं कधी वरडत नव्हता."

"नवा आहे ना. रुळेल."

कर्वेनगरात शिरताना दुसरा आवाज आला. आधी कण्हल्यासारखा, मग कुकरची शिट्टी अडकल्यासारखा, आणि मग फाट! काहीतरी तुटून बॉनेटच्या आत चाबकासारखं आपटलं. फॅनबेल्ट! इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. मामांनी गाडी बाजूला घेईपर्यंत होजपाइपनेही ठरवलं की आपण का मागे राहावं. बॉनेटमधून वाफेचा असा लोट उठला की समोरच्या सोसायटीतल्या एका बाईने दोरीवरचे कपडे आत घेतले.

साडेसात. खराडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि आमचा हरितगृह झालेला ट्रक एका सोसायटीच्या फाटकापाशी उभा!

मामांनी ताडपत्री वर केली, झाडं उन्हात पडली, आणि फाटकातून माकडटोपी घातलेले एक आजोबा बाहेर आले. त्यांनी ट्रकला एक प्रदक्षिणा घातली.

"तुळस आहे का?"

"आजोबा, विक्रीला नाहीत."

"मग दाखवायला आणलीत का?"

"गाडी बंद पडली आहे."

"ते दिसतंय. मी झाडांबद्दल विचारतोय." त्यांनी एका पामचं पान उचलून पाहिलं. "हे कोमेजतंय. पाणी कोण घालणार? सरकार?"

"आजोबा, आम्ही आत्ता जरा अडचणीत..."

"तुम्ही अडचणीत आहात. झाडांनी काय केलंय?" असं म्हणून ते आत गेले आणि सोसायटीचा लांबलचक पाइप ओढत परत आले. "बाजूला व्हा. तुमचं अंग धुवायचं नाहीये मला."

इकडे मामा बॉनेटखाली वाकले होते. तुटलेला बेल्ट बाहेर काढून त्यांनी बोटांत मुडपला. त्याला आडव्या भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.

"ताई, हा पट्टा कुठला?"

"नवा आहे. आबांच्या पेटीतला. खोक्यातला."

मामा सावकाश सरळ झाले. "खोक्यातला?"

"चारही बदलून घेतले. खोक्यातले. माझ्यासमोर!" हे सांगताना माझ्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता, हे मी लाजत कबूल करते.

"अवो ताई! खोक्यात जुनं असतंय!"

"म्हणजे?"

"नवं आणलं की ते गाडीला. निघालेलं जुनं धुऊन, तेल लावून त्याच खोक्यात. वाटंत नवं तुटलं तर घरापातूर यायला. आबांनी सप्टेंबरात सगळं नवं घातलेलं! गिअरबॉक्स उतरला व्हता तवाच. म्हनून तर म्या म्हनलं, सगळं बरं हाय!"

आता हळूहळू सगळं समोर आलं. मी रजा टाकून, पहारा देऊन, शिक्का मारून, जातीने उभं राहून गाडीतले सगळे नवे भाग काढायला लावले होते आणि जुने घातले होते. फसवणुकीपासून इतकी काटेकोर काळजी घेतली होती की स्वतःलासुद्धा निसटू दिलं नव्हतं!

मी श्याम मिस्त्रींना फोन लावला. "मिस्त्री! ते जुने भाग होते, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तीनदा बोललो, ताई."

"चौथ्यांदा बोलायचं!"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तुम्ही खोकी मागितली ना, अक्षरासाठी. तवा मला वाटलं, आबांच्या हातचं सामान गाडीत राहावं अशी तुमची इच्छा असंल. माणूस गेल्यावर कोण काय मागंल, सांगता येत न्हाय. म्हणून मग गप बसलो."

 ज्या माणसावर मी पहारा ठेवला होता, तो त्या वेळी मला सांभाळून घेत होता.

"मिस्त्री," मी शेवटी विचारलं, "नवे भाग कुठे आहेत? भंगारात?"

"भंगारात कशाला? आबा करायचे तेच करा म्हणालात. खोक्यात हायेत. तुमच्या सीटखाली."

मी शिवण्यापासून त्यांच्यावरच बसून आले होते!

पुढचा पाऊण तास मामांचे दोन्ही हात बॉनेटमध्ये आणि माझे दोन्ही हात टॉर्च धरायला, भर उन्हात! का धरली होती ते विचारू नका. बेल्ट बसला. होजपाइप बसले. रेडिएटरला पाणी आजोबांच्याच पाइपाने भरलं. क्लचची प्लेट आणि बेअरिंग मात्र रस्त्यावर बदलता येण्यासारखी नव्हती, तेव्हा ती किंचाळत का होईना, येतील तिथपर्यंत न्यायची असं ठरलं.

निघताना आजोबांना म्हटलं, "तुमचे आभार कसे मानू?"

"मानू नका. पुढच्या वेळी तुळस घेऊन बंद पडा."

संपूर्ण शहर आम्ही क्लच कमीत कमी दाबत पार केलं. प्रत्येक सिग्नलला गाडी अशी ओरडायची की शेजारचे दुचाकीवाले आपापल्या गाड्यांकडे वाकून बघायचे. खराडीच्या फाटकात शिरलो तेव्हा नऊ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. सलोनी मॅडम दारातच उभ्या. झाडं लॉबीत लागली, पानापानावर आजोबांचं पाणी चमकत होतं.

"ताई, ओ माय गॉड, किती फ्रेश दिसतायत! तुम्ही ऑन द वे स्प्रे करून आणलीत?"

"हो," मी म्हटलं. "आम्ही मुद्दाम थांबतो त्यासाठी."

"प्लीज दर वेळी असंच करा!"

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. लपवणार होते, पण मामांनी फाटकातूनच सुरुवात केली होती. आईने ऐकून घेतलं. खोक्यांचा भाग आला तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि थांबेचना.

"अगं, त्यांनी बी हेच केलं व्हतं! तू तिसरीत असशील. आपलंच जुनं खोक्यातनं काढून नवं म्हणून घातलं आणि कात्रजच्या घाटात गुलाबाची चारशे रोपं घेऊन दिवसभर उभे राहिले! तवापासनं तारीख घालायला लागले. आणि मी बी त्या दिवशी नुसतं अक्षरच बघत राहिले!"

"पण नुसती तारीख! कसली तारीख ते नको लिहायला?"

"त्यांना ठावं व्हतं की," आई डोळे पुसत म्हणाली. "दुसरं कुणी ती खोकी उघडंल, असं कुठं वाटलं व्हतं त्यांना."

मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"वेळंत पोचला ना? मग राहू दे ट्रक," आई उठत म्हणाली. "मांजरीवाल्याला मी सांगते."

सोमवारी गाडी पुन्हा वारज्याला. श्याम मिस्त्रींनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, नवी प्लेट आणि नवं बेअरिंग पुन्हा आपल्या जागी गेलं, आणि जुनी प्लेट, मिस्त्रींनी जपून ठेवलेल्या संदर्भ विभागाच्या चिठ्ठीसकट, माझ्या हातात आली. मी तिथेच ती धुतली, तेल लावलं, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली.

"ताई," मिस्त्री पान्याकडे बघत म्हणाले, "गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर..."

"तर काय?"

"तर चहा सांगू का?"

चहा येईपर्यंत मी पेन काढलं. अठरा वर्षं नोंदी करणाऱ्या बाईने अर्धवट नोंद तशीच सोडणं बरं दिसत नाही. आबांच्या तारखेला धक्का न लावता तिच्याखाली मी एक ओळ लिहिली, अगदी ठळक अक्षरात:

'हे जुने आहे. कुसुम, मिस्त्रींचे ऐक.'